धक्का आणि धातू : हॉपकिन्सन पितापुत्रांची कामगिरी

लोखंड किती मजबूत, हे ठरवताना ते किती वजन पेलते एवढेच आपण सहसा पाहतो. तेच वजन वेगाने येऊन आदळले तर काय होते? मँचेस्टरच्या जॉन हॉपकिन्सन यांनी १८७२ साली हाच प्रश्न घेतला.

त्यांनी एक लोखंडी तार वरून घट्ट अडकवून उभी टांगली. भोक पाडलेले वजन तीत ओवून, उंचावरून सोडून खालच्या टोकाच्या अडसरावर आदळू दिले. तार जिथे घाव बसला तिथे, म्हणजे खाली, तुटेल असे आपल्याला वाटेल. पण ती अनेकदा वरच्या टोकाशी तुटे! शिवाय वजन हलके असो वा जड, तार तोडण्यास लागणारी उंची जवळजवळ तेवढीच राही. म्हणजे महत्त्व वेगाला होते. धक्क्याची लाट सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर वेगाने तारेतून वर जाते, घट्ट टोकावरून परतते आणि तेथे ताण दुप्पट होतो, असा त्याचा उलगडा आहे.

२७ ऑगस्ट १८९८ रोजी आल्प्समध्ये चढाई करताना जॉन आणि त्यांची तीन मुले मृत्यू पावली. मागे राहिलेले पुत्र बर्ट्रम वकिली सोडून वडिलांच्या क्षेत्रात आले आणि १९०३ मध्ये केंब्रिजला प्राध्यापक झाले. तारेचा प्रयोग त्यांनी पुन्हा केला. ताण सेकंदाच्या हजाराव्या भागापुरताच टिकला, तर तार एरवीच्या मर्यादेपलीकडचा ताणही सोसते, असे त्यांना १९०५ साली आढळले. धातूला कायमचे ताणले जायलाही वेळ लागतो.

पण इतका क्षणिक धक्का मोजायचा कसा? आपल्या उत्सवातील कॅरम स्पर्धा आठवा. चिकटलेल्या सोंगट्यांच्या रांगेवर स्ट्रायकर बसला की शेवटची सोंगटी सुटते. बर्ट्रम यांनी १९१४ मध्ये पोलादी दांड्याच्या टोकाला छोटा तुकडा चुंबकत्वाने धरून ठेवला आणि दुसऱ्या टोकावर गोळी झाडली. उडालेल्या तुकड्याच्या वेगावरून धक्क्याचा जोर कळला.

२६ ऑगस्ट १९१८ रोजी, वडिलांच्या विसाव्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी, बर्ट्रम विमान अपघातात गेले. १९४९ मध्ये हर्बर्ट कोल्स्की यांनी दोन दांड्यांमध्ये धातूचा नमुना ठेवून ही पद्धत पुढे नेली. मोटारीच्या टकरीत पत्रा कसा चेपेल, हे ठरवताना आजही ‘हॉपकिन्सन बार’ कामी येतो. त्या नावात आम्हाला पिता आणि पुत्र दोघेही दिसतात.