त्रिकोणाची कुळकथा

व्हिडिओ गेममधील त्रिमितीय पात्र हे मुळात त्रिकोणांचे तुकडे जोडून केलेले पोकळ कवच असते. कोणतेही तीन बिंदू एकाच प्रतलात बसतात, त्यामुळे त्रिकोणाचे गणित संगणकाला सोपे जाते. या कुळाचे महत्त्वाचे घराणे अमेरिकेतील युटा विद्यापीठ होय. तेथे १९७१ मध्ये आंरी गुरो यांनी खडबडीत कवचावर छटा सलग पसरवून ते गोलसर भासवण्याची रीत मांडली, तर एड कॅटमुल यांनी १९७४ च्या प्रबंधात पृष्ठभागावर चित्र चढवण्याचे तंत्र, म्हणजे टेक्श्चर मॅपिंग, सिद्ध केले.

सेगा कंपनीच्या १९९३ च्या ‘व्हर्चुआ फायटर’मधील योद्ध्यांच्या अंगावरचे सपाट पैलू स्पष्ट मोजता येत, आणि म्हणूनच त्या काळी त्रिकोण दुप्पट झाले की गालाला गोलाई येई, बोटे सुटी होत, म्हणजेच यंत्राची वाढलेली ताकद थेट डोळ्यांना दिसे. पुढे मात्र पडद्यानेच मर्यादा घातली. पिक्सेल हा पडद्यावरील सर्वांत लहान ठिपका. ३८४० × २१६० मापाच्या पडद्यावर असे सुमारे ८३ लाख ठिपके असतात, आणि त्रिकोण ठिपक्याहून लहान झाला की तो आणखी चिरून चित्रात जवळजवळ काहीच भर पडत नाही. खर्च वाढत असताना त्या प्रमाणात लाभ न वाढण्याच्या या अवस्थेला अर्थशास्त्र घटत्या फलाचा नियम म्हणते. २०२२ मध्ये आलेल्या ‘अनरिअल इंजिन ५’ या गेम घडवण्याच्या सॉफ्टवेअरमधील ‘नॅनाइट’ ही प्रणाली तर अंतरानुसार जवळपास ठिपक्याएवढेच त्रिकोण निवडते.

त्यामुळे संशोधकांचे लक्ष आकाराकडून प्रकाशाकडे वळले. प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रेखाटण्याची, म्हणजे रे ट्रेसिंगची, पद्धत जुनीच होती. टर्नर व्हिटेड यांच्या १९८० च्या शोधनिबंधातील एका चित्राला संगणकाची ७४ मिनिटे लागली होती. २०१८ मध्ये एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ग्राफिक्स कार्डांनी ही पद्धत चालत्या खेळात आणली. परंतु घटत्या फलाचा नियम येथेही लागू पडतो: यादृच्छिकपणे सोडलेल्या किरणांमुळे चित्रात उमटणारा कणीदारपणा निम्मा करायचा तर किरण चौपट सोडावे लागतात.

म्हणून गेमच्या दृश्याची थोरवी यापुढे त्रिकोणांच्या किंवा किरणांच्या संख्येवरून जोखणे योग्य नाही. ती रंग, प्रकाश आणि रचना यांविषयी कलावंताने केलेल्या निवडीवरूनच ठरवली पाहिजे.