हिवाळ्याची गाणी आणि आईचं नाव

निडीच्या बचत गटातून आम्ही बोलतोय.

भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, शेतातल्या ओलीवर वाल पेरून झाला की आपल्या रोहा-पेण भागात गाण्यांचे दिवस येतात. गाणी लावणीच्या वेळीही असतात, पण ती चिखलात कंबर वाकवून म्हणायची. हिवाळ्यातली गाणी बसून म्हणायची, आणि ऐकायला घरात माणसं असतात. तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांची वाट मोकळी होते. मार्गशीर्षात हळदी. पौषात लग्न नाही, म्हणून तो महिना भोगीचा, संक्रांतीचा आणि पोपटीचा. माघात पुन्हा मांडव.

गटाच्या बैठकीत आम्ही सहज विचारलं, थंडीतलं तुमचं आवडतं गाणं कोणतं? कुणी रेडिओवरची सांगितली, कुणी कॅसेटवरची कोळीगीतं. पण साठीच्या पुढच्या जवळजवळ सगळ्या जणींनी एकच उत्तर दिलं: धवले.

आगरी घरातल्या बायकांना धवले म्हणजे काय ते सांगायला नको. इतर मैत्रिणींसाठी सांगतो. लग्नाच्या विधींबरोबर म्हणायची ही गाणी, आणि ती म्हणणारी जाणती बाई म्हणजे धवलारीण. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक कामाचं गाणं वेगळं, आणि कशानंतर काय हे तिला पाठ. कितीतरी घरांत पूर्वी तिच्याच तोंडून लग्न लागायचं. पुरोहिताचं काम करणारी बाई म्हटलं की आज वर्तमानपत्रात फोटो येतो. आपल्याकडे ती ओसरीवरच बसलेली होती.

हा शब्द किती जुना, हे आम्हाला कॉलेजात मराठीच्या तासाला कळलं. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात ती महदाइसा, तिच्या रचनेचं नावच ‘धवळे’. काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध, ठिकाण विदर्भातलं ऋद्धिपूर. महानुभाव पंथाचे गोविंदप्रभू तिथे राहत. त्यांच्या मनात आलं की आपलं लग्न करा. भक्तांनी लग्नाचा खेळ मांडला आणि महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी रचून म्हटली. म्हणजे मराठीतली पहिली कवयित्री लग्नघरात गाणारी होती. परीक्षेत हा प्रश्न दोन मार्कांना यायचा. आपल्या आजीचा आणि त्या उत्तराचा काही संबंध आहे, हे वर्गात कुणी बोललं नाही.

ओवी तर त्याहून आधीची. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ११२९ च्या संस्कृत ग्रंथात नोंद आहे की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. राजाच्या ग्रंथात हत्ती, घोडे, रत्नं आणि पक्वान्नं यांच्याबरोबर आपलं उखळ-मुसळही आलं. लग्नात घाणा भरताना आपण मुसळाला हळकुंड बांधतो आणि चार जणी मिळून गातो. रोजचं कांडण गिरणीत गेलं, लग्नातलं तेवढं उरलं.

आता गाण्यातल्या नावांबद्दल. आपल्याकडे सातबारा काढा, घरपट्टी पाहा, जुनी दाखल्याची वही पाहा. आजोबा-पणजोबांची नावं सापडतात. पणजीचं नाव विचारलं तर घरात सगळे एकमेकांकडे बघतात. हळदीच्या गाण्यात मात्र नवऱ्या मुलाची आई, आत्या, मावशी, करवली या सगळ्यांना नावाने हाक असते. धवलारीण गायला बसण्याआधी विचारून घेते, आईचं नाव काय, मामी कोण, कोणत्या गावची. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं महाराष्ट्र सरकारने सक्तीचं केलं. चांगलंच झालं. आपल्या मांडवात ते आधीपासून लागत होतं.

आमच्या गटातल्या एका काकूंची आई त्या लहान असताना गेली. बापाने दुसरं लग्न केलं आणि पहिलीचं नाव घरात कुणी घेईना. फोटो नव्हताच. काकू सांगतात, ‘माझ्या हळदीला म्हातारीने गाण्यात आयेचं नाव घेतलं. मी पाटावर बसलेली, तोंडाला हळद, रडायची पण चोरी. पन मला तवा कळलं, आय व्हती माजी.’ नंतर त्यांच्या मुलाच्या लग्नात मोठे स्पीकर आले आणि हळदीला चित्रपटातली गाणी लागली. धवलारणीला बोलावलं होतं, पण तिचा आवाज शेजारी बसलेल्यालाही ऐकू जाईना. तिने दोन गाणी म्हटली आणि चहा घेऊन ती उठली. स्पीकरवाल्याला हजारांत पैसे, तिला साडी आणि नारळ. आम्हालाही स्पीकरवर नाचायला आवडतं, उगाच नाही कशाला म्हणायचं? पण हळदीचा एक तास तो बंद ठेवायला कुणाची हरकत असू नये.

हे फक्त आगरी घरांचं नाही. कोर्लईचे ख्रिस्ती लोक आजही पोर्तुगीज वळणाची वेगळीच बोली बोलतात. पोर्तुगीज तिथून १७४० मध्ये गेले, बोली घरात राहिली. आपल्या जिल्ह्यातले बेने इस्राएल म्हणजे आपले जुने शनिवार तेली. रोहेकर, पेणकर, अष्टमकर ही त्यांची आडनावं. पौष-माघातल्या एका पौर्णिमेला ते झाडांचा सण करतात, पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचा मलिदा मांडतात आणि एलियाहू हन्नाबींचं गाणं म्हणतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्यांचं स्थान आहे. त्यातले बहुतेक १९४८ नंतर इस्राएलला गेले. तिथे ते ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढत आले.

पौषातल्या पोपटीच्या रात्रीही गाणी निघतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवायचा. शेंगा होईस्तोवर अर्धा तास करायचं काय? मग कुणीतरी सुरू करते. मुंबई-पनवेलहून गाडीने आलेल्या लेकी तेवढ्यात आईच्या आवाजात आवाज मिसळतात. त्यांना शब्द येत नाहीत, चाल येते.

शब्द जपायचे तर लिहावेच लागतील. पुण्याच्या हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्याखेड्यांतल्या बायकांच्या मदतीने जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या आता ‘पारी’च्या वेबसाइटवर मोबाइलवर वाचता येतात, कितीतरी ऐकताही येतात. प्रत्येक ओवीखाली गाणारीचं नाव आणि गाव आहे. आम्हीही गटाच्या हिशेबाच्या वहीसारखीच एक वही घातली आहे. रकाने चार: गाणं, कुणी सांगितलं, तिला कुणी शिकवलं, शिकवणारीचं माहेर. तिसऱ्या रकान्यात बहुतेक ‘आय’ किंवा ‘आजी’ येतं. मग आम्ही विचारतो, नाव काय होतं? काही जणी थांबतात, आठवतात, आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन सांगून जातात.

धवल्यांची पानं अजून कोरी आहेत. आमच्या गावच्या धवलारणीने स्पष्ट सांगितलं, मांडव नसताना ही गाणी म्हणायची नाहीत, पौषात तर नाहीच. मोबाइल पुढे धरला तर त्यांनी हसून पदर तोंडाला लावला. माघात आमच्यातल्या एकीच्या भाच्याची हळद आहे. मुलाच्या आईशी बोलून ठेवलं आहे. स्पीकर आठ वाजता लागेल, वही घेऊन आम्ही सहालाच बसू. धवलारणीची बिदागी यंदा साडी-नारळावर रोख ठरली आहे.