चंचल कलावंत : एका निदानाचा इतिहास

मैफलींत तासन्‌तास रंगणारा गायक दोन ओळींच्या पत्राचें उत्तर महिनोन्‌महिने लिहीत नाहीं. वाद्य हातीं येतांच भान हरपणाऱ्या वादकास तालमीची वेळ आठवत नाहीं. अशा कलावंतास समाजानें आजवर बेजबाबदार म्हटलें. त्यांतील प्रत्येकजण रुग्ण असतो असें नव्हे. परंतु कांहींच्या बाबतींत हा दोष स्वभावाचा नसून ‘एडीएचडी’ नांवाचा अवधानाचा विकार असतो, हें वैद्यकानें फार उशिरा ओळखलें.

स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रायटन यानें १७९८ मध्यें अवधानाच्या विकारांवर लिहिलें. कुत्र्याचें भुंकणें किंवा बेसूर ऑर्गन एवढ्यानेंहि अशा माणसाचें चित्त उधळतें, असें त्यानें नमूद केलें. मात्र वयाबरोबर ही अवस्था बहुधा ओसरते, असेंहि त्याचें मत होतें. १९०२ मध्यें लंडन येथें जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानें, बुद्धि शाबूत असूनहि स्वतःस आवरूं न शकणाऱ्या मुलांचें वर्णन केलें. पण त्या उणिवेला त्यानें नैतिक संयमाचा दोष म्हटलें. पुढें १९३७ मध्यें अमेरिकेंत चार्ल्स ब्रॅडली यानें बेन्झेड्रिन हें उत्तेजक औषध दिलें असतां कित्येक चंचल मुलें शांत होऊन अभ्यासास लागलीं. जो दोष औषधानें उतरतो, तो मुळांत नैतिक कसा?

तरीहि विकार मुलांचाच मानला गेला. १९६८ च्या अमेरिकन मानसरोग-सूचींत त्याच्या नांवांतच बाल्याचा उल्लेख होता. १९८० मध्यें प्रौढांत उरलेल्या लक्षणांस तेथें जागा मिळाली; आणि इंग्लंडमध्यें प्रौढांचाहि विचार करणारी अधिकृत मार्गदर्शिका निघण्यास २००८ साल उजाडावें लागलें.

ब्रिटिश गायिका लिली ॲलन हिचा पहिला गीतसंग्रह त्यापूर्वींच, २००६ मध्यें, प्रसिद्ध झाला होता. आपणांस या विकाराचें निदान झाल्याचें तिनें जाहीर केलें तें २०२३ मध्यें, म्हणजे १७ वर्षांनीं.

इतक्या उशिरा आलेल्या निदानाचा उपयोग काय? तें कोणास सूर देत नाहीं, आणि प्रतिभेचें श्रेय रोगास देणेंहि योग्य नव्हे. वाद्याला हात लावतांच नाद उमटतो. करारपत्रें आणि हिशेब मात्र असा तत्काळ प्रतिसाद देत नाहींत, आणि तेथेंच अशा कलावंताचें मन टिकत नाहीं. कारण कळलें म्हणजे औषध घेतां येतें, वेळापत्रक बांधतां येतें, हिशेब दुसऱ्याच्या हातीं सोंपवतां येतो. आणि आयुष्यभर स्वतःस आळशी म्हणून दूषण देणाऱ्या मनास, आपला मागला काळ नव्यानें वाचतां येतो.