सोलापूरची मोजदाद

परसंस्कृतीच्या माणसांशी समंजसपणे वागण्याच्या शक्तीस सांस्कृतिक प्रज्ञा मानून क्रिस्टोफर अर्ली आणि सून अँग यांनी 2003 साली तिचे शास्त्र मांडले. 2007 मध्ये अँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोजण्यासाठी वीस विधानांची एक प्रश्नावली सिद्ध केली, जीत उत्तर देणाऱ्याने आपले भान, ज्ञान, ओढ आणि वर्तन यांची ग्वाही स्वतःच द्यावयाची असते. हा उद्योग आदरणीय आहे. परंतु जेथे ही शक्ती एकेकट्या माणसापेक्षा मानपानाच्या आणि पेठांच्या व्यवस्थेत पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे, तेथे ती अशा ग्वाहीने हाती लागेल असे सोलापूरचा इतिहास वाचून मला वाटत नाही.

बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी येथे तलाव बांधविला, अडुसष्ट लिंगे स्थापिली आणि कन्नडात वचने रचली. त्यांच्या योगदंडाशी विवाहबद्ध झालेल्या कुंभारकन्येच्या कथेवर गड्ड्याची यात्रा उभी आहे, आणि संक्रांतीच्या सुमारास निघणाऱ्या तिच्या मिरवणुकीतले सात नंदीध्वज कोणा एका ज्ञातीचे नाहीत: पहिल्याचा मान हिरेहब्बू घराण्याचा, दुसऱ्याचा कसब्याच्या देशमुखांचा, आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांत सोनारांचा आहे तसा मातंगांचाही आहे. सम्मती कट्ट्यावर या विवाहाच्या अक्षतांच्या वेळी सम्मतीचे वाचन होते ते कन्नडात, भोवती उठणारा जयघोष मराठीत. आणि बाराबंदी ल्यालेल्या त्या अफाट समुदायात ज्याला कन्नडचे एक अक्षर वाचता येत नाही, त्याच्याही मुठीतल्या अक्षता नेमक्या क्षणीच सुटतात. वीस विधानांपैकी एकाही विधानात न मावणारे हे ज्ञान आहे, आणि ते बालपणी वडीलधाऱ्यांच्या खांद्यावर बसून मिळालेले असते.

1877 मध्ये सोलापूरची पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे निजामाच्या मुलखातील तेलंगणातून दुष्काळाने आणि दारिद्र्याने गांजलेले पद्मशाली विणकर येथे येत राहिले, शहराचा पूर्वभाग तेलुगू बोलू लागला आणि नारळी पौर्णिमेस मार्कंडेयाचा रथ निघू लागला. ज्या चादरीने सोलापूरचे नाव दूरवर नेले तिच्यामागे या मंडळींचे हात आहेत, हे मराठी माणसाने कृतज्ञतेने स्मरावे.

या सहवासाची खरी कसोटी 1930 च्या मे महिन्यात लागली. गांधीजींच्या अटकेनंतर गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, आणि सरकारी अंमल ढासळल्यावर काही दिवस शहराची व्यवस्था स्वयंसेवकांनी सांभाळली. अखेर मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी, संक्रांत दोन दिवसांवर आली असता, येरवड्यास फाशी दिले गेले. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी: सरकारने एका खटल्यात गोवलेल्या या नावांत गावाच्या पेठापेठा सामावल्या होत्या, आणि सोलापूरकर आजही ती चारी नावे एका दमात घेतात.

तथापि या मोठेपणाला मर्यादा आहेत, आणि त्या झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्ञातींमधले विवाहाचे कुंपण यात्रेने मोडले नाही, आणि मानाच्या परंपरेने मातंग वस्तीचे दारिद्र्य दूर केले नाही. म्हणून मोजदाद व्हावी, पण ती दैनंदिन व्यवहाराची; आजवरच्या खानेसुमारीने तो पुरता टिपलेला नाही. भाषावार प्रांतरचनेच्या वादात जिल्ह्याच्या दक्षिणेकडील तालुक्यांवर मराठी व कन्नड या दोन्ही पक्षांनी दावे सांगितले ते खानेसुमारीतल्या मातृभाषेच्या आकड्यांवर. आणि 1961 पासून त्या खानेसुमारीत मातृभाषेखेरीज फार तर दोन भाषा नोंदविण्याची सोय आहे. पूर्वभागातली विडी वळणारी बाई घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, बाजारात कन्नड आणि मोमीन शेजारणीशी दखनी बोलत असेल, तर तिची चौथी भाषा सरकारी दप्तरात कोठेच येत नाही.