कॅनीचा धडा



युद्ध हा असा धंदा आहे की, त्याची खरी तालीम कुणालाच देता येत नाही. गिरणीत नवा उमेदवार जुन्या साचेवाल्याजवळ उभा राहून काम शिकतो; चुकला तर धागा तुटतो आणि तो पुन्हा जोडता येतो. शांततेच्या काळात वाढलेल्या तरुण अधिकाऱ्याला मात्र एके दिवशी एकदम माणसांचे प्राण हाती घ्यावे लागतात. म्हणून सैनिकी शाळांनी एक तोड काढली : जे स्वतः अनुभवता येत नाही, ते जुन्या लढायांवरून शिकवायचे. ही तोड कुठवर पुरते आणि कुठे फसते, हे आम्हांला पाहावयाचे आहे. आम्ही सैनिक नव्हेत, कामगारांच्या संघटनेत वावरणारी माणसे आहोत. पण हुकूम पाळून जो फळीत मरतो, तो बहुधा आमच्यासारख्यांच्याच घरातला असतो. त्याच्या अधिकाऱ्याला काय शिकवतात, हे विचारण्याचा हक्क म्हणूनच आम्ही सोडणार नाही.

१८०६ साली येना येथे नेपोलियनने प्रशियाच्या सैन्याचा धुव्वा उडविला. फ्रेडरिक राजाच्या विजयांच्या पुण्याईवर ते सैन्य जगत होते. वाडवडिलांचा पराक्रम वारशाने मिळत नाही, हे त्याला त्या दिवशी कळले. मग शार्नहोर्स्टने सुधारणा हाती घेतल्या आणि १८१० साली बर्लिनमध्ये अधिकाऱ्यांसाठी युद्धशाळा निघाली. तेथे शिकविणाऱ्यांत क्लाउझेविट्झ होता. १८३१ मध्ये तो वारल्यावर त्याच्या पत्नीने त्याचा युद्धविषयक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे सांगणे थोडक्यात असे की, दहा लढायांना ओझरता स्पर्श करण्यापेक्षा एकीचीच कसून तपासणी करावी आणि सेनापतीला त्या घडीला जेवढे ठाऊक होते तेवढ्यावरच त्याचा निर्णय तोलावा.

पुढे त्याच प्रशियात काय झाले? १८९१ ते १९०६ पर्यंत जर्मन सैन्याच्या मुख्यालयाचा प्रमुख असलेल्या श्लीफेनला कॅनीच्या लढाईने झपाटले. इ. स. पू. २१६ मध्ये दक्षिण इटलीत हॅनिबलने आपल्याहून मोठ्या रोमन सैन्याला सामोरे जाताना मधली फळी मुद्दाम पुढे काढली आणि लढता लढता मागे सरू दिली. रोमन आत घुसले. दोन्ही बगलांवरून आफ्रिकी पायदळ वळले आणि घोडदळाने पिछाडी बंद केली. पॉलिबिअस रोमन मृतांचा आकडा सुमारे ७०,००० सांगतो, लिव्ही ४८,००० च्या आसपास. निवृत्त झाल्यावर श्लीफेनने कॅनीवर लेखमाला लिहिली आणि फ्रेडरिक, नेपोलियन, मोल्टके यांच्या मोहिमाही त्याच मापाने मोजल्या. वेढा पडला तर विजय पुरा, नाही तर अपुरा!

पण हॅनिबल युद्ध हरला, हे ह्या धड्यात कुठे बसते? कॅनीनंतर रोमने तह मागितला नाही. कैदी सोडविण्यासाठी खंडणी दिली नाही. उलट, लिव्ही सांगतो, सरकारने ८,००० गुलाम विकत घेऊन त्यांच्या हाती शस्त्रे दिली. दक्षिणेतली काही शहरे फुटली, पण लॅटिन दोस्त बहुतांशी टिकले. इ. स. पू. २०२ मध्ये झामा येथे हॅनिबलचाच पराभव झाला. शाळेने एक दिवस शिकविला आणि पुढची चौदा वर्षे गाळली.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्याची उजवी बाजू बेल्जममधून वळसा घेत निघाली. नकाशावर तो बाण फार सुबक दिसत होता. प्रत्यक्षात क्लुकच्या सैन्यातला शिपाई पाठीवर ओझे घेऊन दिवसामागून दिवस वीस-वीस किलोमीटरांहून अधिक चालत होता. बेल्जमने रेल्वेचे पूल व बोगदे उडविले होते, घोड्यांना वैरण पुरत नव्हती. सप्टेंबरात मार्न नदीवर सारे अडले. केवळ कॅनीच्या वेडाने जर्मनी हरली, असे म्हणणे पोरकटपणाचे होईल; त्याच ऑगस्टमध्ये पूर्वेकडे टानेनबर्गला असा वेढा यशस्वीही झाला. पण भाकरी, पायताण आणि रेल्वेचा रूळ ह्यांना ज्या धड्यात जागा नाही, तो धडा अर्धाच असतो.

आमच्या घरचे उदाहरण घ्या. निजाम पुण्यापर्यंत आला तरी बाजीराव त्याच्या मागे धावला नाही. तो निजामाच्याच मुलुखात घुसला. निजामाला परतावे लागले, जड तोफा मागे राहिल्या, आणि १७२८ च्या फेब्रुवारीत पालखेडजवळ अन्नपाणी तोडून त्याला कोंडले गेले. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. माँटगोमेरीने १९६८ च्या आपल्या युद्धेतिहासात ह्या मोहिमेला मोठा मान दिला, ह्याचा आम्हांला अभिमान वाटतो. पण तेहतीस वर्षांनी, १७६१ मध्ये, पानिपतावर कोंडले गेले ते मराठेच. जड तोफा आमच्या, बाजारबुणगे आमचे, आणि रसद तोडणारा अब्दाली! पालखेड शिकवून पानिपत वगळणारा गुरुजी छात्राला अभिमान देईल, शहाणपण देणार नाही.

१९२० साली ब्रिटिश सैन्याने युद्धाची तत्त्वे अधिकृत नियमपुस्तकात घातली : उद्दिष्ट, बळ एकवटणे, बळाची काटकसर, अनपेक्षितता वगैरे. ती खोटी नाहीत. मात्र ती उत्तरे नसून प्रश्न आहेत. उद्दिष्ट कोणते? बळ एकवटले तर दुसरीकडे काय उघडे पडेल? शत्रूला अनपेक्षित काय, आणि आपल्या शिपायाला पेलेल काय? जुना संप अमुक डावपेचाने जिंकला म्हणून नवाही तसाच जिंकू, असे म्हणणाऱ्या पुढाऱ्याला आम्ही हेच विचारतो : तेव्हा धान्य किती दिवसांचे होते आणि आज किती आहे?

१९५५ पासून आमच्या पुण्याजवळ, खडकवासल्याला, देशभरचे तरुण छात्र शिकावयास येतात. त्यांनी जुन्या लढाया अवश्य वाचाव्यात. जिंकलेल्या वाचाव्यात आणि त्यांच्या शेजारी हरलेल्याही ठेवाव्यात. नकाशावरचा बाण पाहताना त्याच्या टोकाशी कोण चालतो आहे आणि त्याने शेवटचे केव्हा खाल्ले, हा प्रश्न ज्याच्या मनात उठेल, त्या अधिकाऱ्याच्या हाती आम्ही आमचे मुलगे निर्धास्तपणे देऊ.