मणक्यातील गादी सरकणे

कंबरेच्या दोन मणक्यांमधील चकतीचे (गादीचे) वलय फाटून आतील गाभा बाहेर येणे व लगतच्या चेतामुळावर दाब पडून कंबर आणि पाय दुखणे. ‘नस दबणे’, ‘सायटिका’ ही नावेही याच विकाराला सर्रास लावली जातात. आयुर्वेदात वर्णिलेल्या गृध्रसीची लक्षणे याच्याशी बरीच जुळतात.

शरीररचना : पृष्ठवंशात जन्मतः ३३ मणके असतात, त्यांपैकी त्रिकास्थीचे ५ आणि माकडहाडाचे बहुधा ४ पुढे एकमेकांस जुळतात. चकत्या २३ असून मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमध्ये चकती नसते. प्रत्येक चकतीत तंतुमय वलय व त्याच्या आत पाणीदार, बुळबुळीत गाभा असतो. प्रौढ वयात चकतीला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो व पोषण मणक्यांच्या पृष्ठभागांतून झिरपत येते, म्हणून झीज सहजी भरून येत नाही. चकतीच्या मागच्या बाजूस मध्यभागी उभा बंध आधार देतो; त्यामुळे गाभा बहुधा मध्यरेषेच्या बाजूने, नेमका चेतामूळ असते तेथे, बाहेर पडतो. बहुतेक रुग्णांत चौथ्या-पाचव्या कटिमणक्यांमधील किंवा पाचवा कटिमणका व त्रिकास्थी यांमधील चकती बाधित असते.

कारणे : वय, आनुवंशिकता, वाकून ओझे उचलणे, वाहनाचे सततचे हादरे, धूम्रपान, स्थूलता. कोणत्या कारणाचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत.

लक्षणे : कळ नितंबातून मांडीच्या व पोटरीच्या मागून पावलापर्यंत जाते, खोकताना, शिंकताना वाढते. पाचव्या कटिचेतामुळावर दाब असल्यास पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकद कमी होते. पहिल्या त्रिकचेतामुळावर असल्यास घोट्याची प्रतिक्षेपी क्रिया मंदावते व चवड्यावर उभे राहणे जड जाते. उताण्या रुग्णाचा सरळ पाय उचलला असता साधारण ३०° ते ७०° दरम्यान पायात कळ आल्यास चाचणी होकारात्मक समजतात. ही चाचणी फ्रेंच वैद्य लासेग यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचे शिष्य फोर्स्ट यांनी तिचे वर्णन १८८१ मध्ये, तर सर्बियातील लाझारेविच यांनी त्याआधी १८८० मध्ये केले. लघवी तुंबणे, शौचावरील ताबा जाणे व बसण्याची जागा बधिर होणे ही अश्वपुच्छावरील (कण्याच्या खालच्या भागातील चेतामुळांच्या जुडग्यावरील) दाबाची लक्षणे असून तेव्हा तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

निदान : जागतिक आरोग्य संघटनेच्या मते कंबरदुखीच्या सुमारे ९०% रुग्णांत ठरावीक शारीरिक कारण दाखवता येत नाही. उलट काहीही न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही दोष दिसतात : २०१५ च्या एका आढाव्यानुसार विशीतील ३७%, तर ऐंशीतील ९६% वेदनारहित व्यक्तींत चकतीची झीज आढळली. म्हणून एमआरआयचा अहवाल लक्षणांशी व तपासणीशी जुळल्याखेरीज निर्णायक मानत नाहीत. ताप, वजन घटणे, रात्री वाढणारी वेदना असल्यास भारतात मणक्यांच्या क्षयाची शंका घ्यावी लागते.

उपचार : बहुतेक रुग्णांना सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना उतार पडतो, बाहेर आलेला गाभा शरीर बऱ्याचदा शोषून घेते. दीर्घकाळ अंथरूण धरण्याचा सल्ला आता देत नाहीत. वेदनाशामके, व्यायाम व फिजिओथेरपी यांचा उपयोग होतो. चेतामुळाजवळ दिलेल्या स्टेरॉइडाच्या इंजेक्शनाने मिळणारा आराम बहुधा तात्पुरता असतो.

शस्त्रक्रियेचा इतिहास : बर्लिनमध्ये ओपेनहाइम व क्राउझे यांनी अशी चकती काढल्याचे १९०९ मध्ये नोंदवले, परंतु तिला ते कूर्चेची गाठ समजले. खरा कार्यकारणसंबंध बॉस्टनच्या मिक्स्टर व बार यांनी १९३४ मध्ये मांडला. त्यानंतरचे प्रयत्न प्रामुख्याने जखम लहान करण्याचे होते. अमेरिकेत लायमन स्मिथ यांनी १९६० च्या दशकात पपईच्या चिकातील कायमोपॅपेन हे विकर चकतीत टोचून गाभा विरघळवला. त्यास तेथे १९८२ मध्ये मान्यता मिळाली; पण तीव्र ॲलर्जी व चेतासंस्थेच्या गुंतागुंतींमुळे ते मागे पडले. टोकिओत हिजिकाता यांनी १९७५ मध्ये त्वचेतून नळी घालून गाभा काढला. झुरिकचे याशारगिल व होम्बुर्गचे कास्पार यांनी १९७७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखालील पद्धती प्रसिद्ध केल्या. कांबिन यांनी चेतामुळालगतचा त्रिकोणी सुरक्षित प्रदेश दाखवून दिला व दुर्बिणीला बाजूने वाट मिळाली. फोली व दुसरे एक स्मिथ यांनी १९९७ मध्ये नळीतून दुर्बीण घालण्याची पद्धत मांडली. तीत स्नायू कापण्याऐवजी क्रमाक्रमाने मोठ्या नळ्या सारून बाजूला करतात.

मूल्यमापन : नेदरलँड्समधील २८३ सायटिका-रुग्णांच्या चाचणीत (२००७) लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची पायाची कळ लवकर थांबली, वर्षअखेर मात्र ते व आधी शस्त्रक्रियेविना उपचार घेतलेले असे दोन्ही गट सारखेच होते. तेथीलच ३२८ रुग्णांच्या चाचणीत (२००९) नळीची पद्धत नेहमीच्या सूक्ष्मदर्शक शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरली नाही. ६१३ रुग्णांच्या चाचणीत (२०२२) त्वचेतून केलेली दुर्बीण-शस्त्रक्रिया पायदुखीच्या बाबतीत वर्षाअखेर खुल्या सूक्ष्म शस्त्रक्रियेपेक्षा कमी पडली नाही. छेद लहान असल्याचा लाभ रुग्णालयातील वास्तव्य व सुरुवातीच्या वेदनेपुरता अधिक दिसतो. दुर्बीण-पद्धती आत्मसात करण्यास काळ लागतो व क्ष-किरणांचा वापर वाढतो. चेतारज्जूचे आवरण फाटणे, जंतुसंसर्ग व चकती पुन्हा बाहेर येणे हे धोके सर्वच पद्धतींत आहेत. पायात कळ नसून केवळ कंबर दुखत असल्यास चकती काढून होणारा लाभ अनिश्चित आहे.

भारतात : मोठ्या शहरांतील रुग्णालयांत सूक्ष्मदर्शक व दुर्बीण या दोन्ही पद्धती रूढ आहेत.

प्रतिबंध : नियमित चालणे व व्यायाम, वजनावर ताबा, धूम्रपान टाळणे.