नक्षीची करवत

बाजारात ‘स्क्रोल सॉ’ म्हणून मिळणाऱ्या नक्षीच्या करवतीपुढे प्रथमच बसणारा माणूस बहुधा पात्यालाच वळवू पाहतो. पाते वळत नाही, ते केवळ वर-खाली होते. वळवायचे असते ते लाकूड. नवशिक्याला याहून मोलाची सूचना आम्हांस ठाऊक नाही, आणि ती यंत्राहून बरीच जुनी आहे.

चौदाव्या लुईने 1672 मध्ये आंद्रे-शार्ल बूल या कारागिराला लूव्हरमध्ये राहण्यास जागा दिली. पितळेचा पत्रा आणि कासवाच्या कवचाचा पातळ थर यांची थप्पी करून दोन्ही एकाच वेळी कापावयाची, ही पद्धत त्याच्या नावाने ओळखली जाते. वस्तुतः ती त्याच्या आधीपासून रूढ होती. कापून झाले की पितळेची वेल कवचात बसते, आणि उरलेल्या पितळेच्या पोकळीत कवचाची वेल. पहिलीला ‘प्रमिएर पार्ती’ म्हणत, दुसरीला ‘कॉंत्र-पार्ती’. टाकाऊ असे काही उरतच नाही. समीक्षेत आपण ज्याला आकृती आणि अवकाश म्हणतो, ते येथे अक्षरशः अदलाबदल करतात. याच परंपरेतल्या ‘शव्हाले’ नामक घोड्यावर कारागीर पायाने आवळलेल्या चिमट्यात थप्पी धरतो, एका हाताने ती फिरवतो व दुसऱ्याने करवत चालवतो. म्हणजे तेथेही फिरते ती वस्तूच.

थप्पीची ही युक्ती नवशिक्यानेही करून पाहावी. दोन वेगळ्या रंगांच्या पातळ फळ्या चिकटपट्टीने बांधाव्यात, वर कागदी नमुना डकवावा. पात्याचे दात खाली, टेबलाकडे असावेत. पाते इतके ताणलेले असावे की बोटाने छेडताच तारेसारखा स्वर उमटावा. सैल पाते रेषा सोडते. आतल्या जाळीसाठी टाकाऊ भागात सामत्याने भोक पाडून त्यातून पाते ओवावे. आतले तुकडे आधी, बाहेरची कड शेवटी, कारण कड सुटली की हातात धरायला फळीच उरत नाही. आणि लाकूड रेटू नये.

राजवाड्यातले हे कसब घराघरांत आले ते मात्र वेगळ्या वाटेने. अठराव्या शतकाच्या सातव्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने नकाशे लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले व भूगोल शिकवण्यासाठी विकले. ‘जिगसॉ’ म्हटल्यावर आज कोडेच आठवते. मूळ नाव करवतीचे, हे विसरले गेले. एकोणिसाव्या शतकात पायाने चालवायची यंत्रे आली, आणि 1895 पासून इंग्लंडमधील नॉर्फोकच्या डेरेहॅम गावच्या ‘हॉबीज’ कंपनीचे साप्ताहिक नक्षीचे नमुने वाचकांपर्यंत पोहोचवू लागले. कलेतिहासकारांनी या नमुन्यांची फारशी दखल घेतलेली नाही. आम्हांला ती उपेक्षा अन्यायाची वाटते: बूलचे कपाट राजासाठी होते, आणि हा कागद मात्र ज्याच्याजवळ एक करवत व थोडी पातळ फळी असेल त्या कोणासाठीही.